रिळावरचे १९६४

बीएड होऊन मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात शिकवायला लागलो, तेव्हाची ही गोष्ट. आठवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या घरी दादांचं गरवायचं रीळ आहे. त्यावर काय लिहिलंय ते वाचून सांगाल?"

त्याचे आजोबा मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर खलाशी होते. १९६१ मध्ये ते वारले. आजीचे, म्हणजे दादींचे, म्हणणे असे की हे रीळ त्यांनी फाळणीच्या आधी एका सफरीवरून आणले, थोरली मुलगी पाळण्यात होती तेव्हा. मी रीळ हातात घेतले. मुठीत मावेल एवढे, धातूचे, अजून सुरेख फिरणारे. बाजूच्या तबकडीवर इंग्रजीत कोरले होते : शेक्सपिअर, मारहॉफ, १९६४. खाली बारीक अक्षरात 'मॉडेल एचई'.

मी म्हणालो, "दादी, हे तर १९६४ चं आहे. दादा त्याआधीच गेले होते. दुसऱ्या कुणाचं तरी असेल."

दादी काही बोलल्या नाहीत. त्यांनी रीळ फडक्यात गुंडाळले आणि पेटीत ठेवून दिले. मुलगा आजीकडे बघत होता. घरात एक शिकलेला माणूस आला होता आणि त्याने पुराव्यासह आजीला खोटे पाडले होते.

दोनेक वर्षांनी शहरातल्या एका सायबर कॅफेत बसलो असताना मला ते रीळ आठवले आणि मी सहज शोधू लागलो. तेव्हा कळले की मी काय करून बसलो होतो.

शेक्सपिअर हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कलामाझू गावच्या कारखान्याचे नाव. विल्यम शेक्सपिअर नावाच्याच गृहस्थाने तो १८९७ मध्ये काढला. नाटककाराशी त्याचा संबंध नाही. मारहॉफ हे रिळाच्या एका प्रकाराचे नाव. त्यात दोरा एका जागी ढीग न होता आपोआप डावीकडून उजवीकडे सारखा गुंडाळला जातो. आणि १९६४? तो त्या रिळाचा कॅटलॉगमधला क्रमांक! चपलेवर नंबर असतो तसा. त्याच कारखान्याच्या दुसऱ्या एका रिळावर १९२० असते, तेही सालाशी संबंध नसलेले.

साल होते ते मी न वाचलेल्या दोन अक्षरांत. या कारखान्याने अक्षरांना अंक दिले होते : के म्हणजे १, जे २, एच ३, जी ४, एफ ५, ई ६, डी ७, सी ८, बी ९ आणि ए म्हणजे शून्य. मधला आय गाळलेला. एच ३, ई ६. म्हणजे १९३६ चे मॉडेल.

मला सगळ्यात जास्त लाज वाटली ती इथे. मी उर्दूचा शिक्षक. अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४ हा अबजदचा हिशेब मी मुलांना शिकवत होतो. एखाद्याच्या मृत्यूचे किंवा मशिदीच्या बांधकामाचे साल अक्षरांच्या बेरजेत लपवणारी तारीखगोई आपल्याकडे शतकानुशतके चालली. अक्षरात साल असू शकते हे ज्याला ठाऊक असायला हवे, त्यानेच अक्षरे सोडली आणि आकड्यावर विश्वास ठेवला.

मग मी जुन्या रिळांवरच्या खुणांबद्दल मिळेल ते वाचले. प्रत्येक खूण काहीतरी सांगते, पण आपण समजतो तेच सांगते असे नाही. पेटंटची तारीख कोरलेली असेल तर रीळ त्याआधीचे नाही एवढेच ठरते. पुढची कित्येक वर्षे तीच तारीख उमटत राहते. परदेशी मालावर मूळ देशाचे नाव हवे, असा कायदा अमेरिकेने १८९० मध्ये केला. म्हणून तिकडे विकल्या गेलेल्या रिळावर 'इंग्लंड' असेल तर ते बहुधा त्यानंतरचे. 'ऑक्युपाइड जपान' असे असेल तर ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ताब्याच्या काळातले. तो काळ १९५२ मध्ये संपला.

नावही फसवते. केंटकी राज्यातले मीक बंधू मूळचे घड्याळजी. त्यांची रिळे घड्याळाच्या काटेकोरपणाने बनवलेली, म्हणून नावाजलेली. बेंजामिन मीक १९०१ मध्ये वारले. १९१६ मध्ये त्यांच्या नावाची कंपनी कनेक्टिकटमधल्या हॉर्टन कंपनीने घेतली, तरी रिळांवर 'मीक' राहिलेच. फक्त सोबत हॉर्टनचे नाव आले. नुसते मोठे अक्षर वाचणारा तिथेही चुकतो.

आणि खुणेच्या बोलण्यालाही मर्यादा असते. 'एचई' मॉडेलचे साल सांगते. ते रीळ कोणत्या बंदरात, कोणी, किती पैशांना घेतले, हे ते सांगत नाही. ते सांगणारा एकच पुरावा होता : दादींची आठवण. थोरली मुलगी पाळण्यात होती ही त्यांची तारीख. तो पुरावा मी ऐकून न ऐकल्यासारखा केला होता, कारण तो कोरलेला नव्हता.

मे महिन्याच्या सुट्टीत मी परत त्या घरी गेलो. दादी ओट्यावर बसल्या होत्या. मी सगळे सांगितले आणि माफी मागितली. त्यांनी पेटीतून रीळ आणवले, 'एचई' वर बोट फिरवले. मग म्हणाल्या, "माझं काय घेऊन बसलात सर, मला माहीतच होतं. नातवाला सांगा. त्यानं तुमचं खरं मानलं होतं."

नातू तेव्हा चिपळूणला कॉलेजात होता. मी त्याच्या खोलीवर जाऊन त्याला सांगितले. ज्या घरात चूक केली, तिथल्याच माणसापाशी ती दुरुस्त करायची असते.