विकलेला हेडफोन परत का येतो?

१९५८ साली मिलवॉकीच्या जॉन कॉसने स्टिरिओ हेडफोन आणला. १९६८मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने ‘एचडी ४१४’ हा मागून उघडा हेडफोन काढला. पण विकून पुन्हा घेण्याच्या खेळाचं मूळ मला १९९७च्या ‘एचडी ६००’मध्ये दिसतं. त्याच्या गाद्या, वायर सहज बदलता येतात. आम्ही लिहिलेलं सॉफ्टवेअर तीन वर्षांत जुनं होतं. हा होत नाही. म्हणून वापरलेल्यालाही गिऱ्हाईक मिळतं आणि विकायला फार जिवावर येत नाही. शिवाय रोध ३०० ओहम, म्हणजे पाठोपाठ अ‍ॅम्प्लिफायर आलाच.

मग २००३चा ‘६५०’, २००९चा ‘८००’. प्रत्येकात काही नवं ऐकू येतं, काही हरवतं. मीही ‘६५०’ विकून ‘८००’ घेतला आणि तो विकून पुन्हा ‘६५०’. आवाजाचे बारकावे स्मरणात फार काळ टिकत नाहीत, त्यामुळे तुलना संपत नाही. टिकते ती सवय. किशोरीताईंचा भूप ज्यातून मनसोक्त ऐकला, तोच आवाज कानाला खरा वाटू लागतो. दुसऱ्यांदा पैसे मोजतो ते या ओळखीचे. मला ते महाग वाटले नाहीत.