कंटाळ्यातून जन्मलेला आवाज

तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांना जोड म्हणतात. दोन्ही एकाच षड्जाला मिळवलेल्या. मग एकीने भागलं नसतं का? नसतं. दोन तारा कितीही कसून मिळवल्या तरी केसाएवढा फरक उरतो, आणि स्वराला अंग येतं ते त्या फरकातून. लंडनमधल्या एका तंत्रज्ञाने 1966 साली हा फरक यंत्रातून काढून दाखवला. त्याला निमित्त झालं एका गायकाच्या कंटाळ्याचं.

एकाच गळ्याची जोड लावण्याची कल्पना त्याच्याही आधीची. लेस पॉल आणि मेरी फोर्ड या अमेरिकन जोडप्याने 1951 च्या ‘हाऊ हाय द मून’मध्ये मेरीच्या एका आवाजाचे अनेक आवाज केले. बडी हॉलीने 1957 मध्ये ‘वर्ड्‌स ऑफ लव्ह’ स्वतःच्याच साथीला गायलं. या प्रकाराला डबल ट्रॅकिंग म्हणत. गाणं एकदा गायचं आणि मग तेच कानांवर घेत पुन्हा तसंच गायचं. तीच फेक हवी आणि श्वासही त्याच जागी हवा. शब्दाच्या शेवटचा ‘स’ जरा मागेपुढे झाला की दोनदा सुसकारा ऐकू येई आणि सगळं पहिल्यापासून.

बीटल्सनी 11 फेब्रुवारी 1963 रोजी एका दिवसात दहा गाणी मुद्रित करून आपली पहिली एलपी पुरी केली. रंगमंचावर वाजवत होते, तेच बहुतांशी फितीवर उतरवलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एलपीत मात्र आवाजांची जोड सर्रास ऐकू येते. त्यांच्यातल्या जॉन लेननला स्वतःचा आवाज आवडत नसे. तो काहीतरी करून झाका, म्हणून त्याचा निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्यामागे सतत लकडा असे. जोड हे त्यावरचं चांगलं पांघरूण होतं. पण दरवेळी पुन्हा गायचं म्हणजे जिवावर येई.

हे काम चाले तो अॅबी रोडवरचा ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ म्हणजे शिस्तीचं घर. तंत्रज्ञ पांढरे कोट घालून वावरत. केन टाउनसेंड त्यांच्यातलाच एक. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या एलपीचं काम एप्रिल 1966 मध्ये सुरू झालं, त्या सुमारास दुबार गाण्याने सगळ्यांचा पिट्ट्या पाडलेल्या एका रात्री तो गाडीने घरी निघाला आणि वाटेत त्याला युक्ती सुचली.

टेप मशीनमध्ये फीत आधी मुद्रणाच्या हेडवरून जाते, मग वाजवण्याच्या. चार ट्रॅकच्या मशीनवर मुद्रणाच्या हेडमधूनही आवाज काढून घेता येई. साहजिकच तो क्षणभर आधी मिळे. टाउनसेंडने हा आगाऊ आवाज दुसऱ्या मशीनला दिला. तिथे तो फितीवर उतरून परत वाजेपर्यंत तेवढाच क्षण खर्ची पडला, आणि मूळ आवाज व त्याची सावली जवळजवळ एकदमच बाहेर आली. खरी करामत या ‘जवळजवळ’मध्ये होती. दुसऱ्या मशीनची मोटर त्याने ऑसिलेटरवर चालवली. त्याचं बटण फिरवलं की मोटरचा वेग किंचित कमीजास्त होई आणि सावली मूळ आवाजाच्या मागेपुढे डुलू लागे. माणूस दुसऱ्यांदा गाताना जितका चुकतो, साधारण तितकीच. नाव पडलं आर्टिफिशियल डबल ट्रॅकिंग, म्हणजे एडीटी.

लेनन खूश झाला. हे होतं तरी कसं, असं त्याने विचारल्यावर मार्टिन यांनी गंभीर चेहऱ्याने निरर्थक पण भारदस्त शब्दांची एक माळ त्याच्या गळ्यात घातली. तिच्यात ‘फ्लँज’ हा शब्द होता. लेननने तो उचलला आणि पुढे आवाजाला ‘फ्लँज’ करा असं तो सांगू लागला. शब्दाची दुसरी व्युत्पत्तीही सांगतात. टेपच्या रिळाच्या काठाला फ्लँजच म्हणतात. दोन मशीनवर एकच गाणं लावून एका रिळाच्या काठावर अंगठा दाबला की ती फीत मागे रेंगाळते आणि आवाज विमान गेल्यासारखा घोंघावत सरकतो. तसा घोंघाव टोनी फिशरच्या 1959 च्या ‘द बिग हर्ट’मध्ये आहेच. म्हणजे परिणाम बीटल्सच्या आधीचा. पण मार्टिन यांची थट्टा आणि रिळाचा काठ नेमके एकाच शब्दावर येऊन भेटले.

‘रिव्हॉल्व्हर’साठी पहिलं मुद्रित झालेलं गाणं ‘टुमॉरो नेव्हर नोज’. त्याच्या पूर्वार्धात लेननचा आवाज एडीटीतून येतो. उत्तरार्धात तो हॅमंड ऑर्गनच्या गरगरणाऱ्या स्पीकरमधून काढला आहे. भोवती टोकं जोडून गोल फिरत्या केलेल्या फितींचे आवाज, आणि या सगळ्याखाली एकसारखा तंबोरा. जोडीच्या तारा आणि जोडीचा गळा एकाच गाण्यात आले, ते बहुधा कुणी ठरवून नव्हे.

‘रिव्हॉल्व्हर’ ऑगस्ट 1966 मध्ये बाजारात आली. त्याच महिन्याच्या 29 तारखेला बीटल्सनी सॅन फ्रान्सिस्कोत आपला शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम केला आणि त्यात या नव्या एलपीतलं एकही गाणं वाजवलं नाही. चौघांना फितींचा तो संसार रंगमंचावर मांडता येण्याजोगा नव्हता. तोवर रेकॉर्ड म्हणजे बहुतांशी मैफलीची आठवण असे. आता मैफलीत न मावणारं गाणं रेकॉर्डसाठीच जन्माला येऊ लागलं. लोकप्रिय संगीतात बीटल्सनी केलेला मोठा बदल हा. आधी फर्माईश करायची आणि ती पुरी करणारं यंत्र मागाहून घडवून घ्यायचं, ही त्यांची रीत.

पुढे दोन टेप मशीनचं काम इलेक्ट्रॉनिक चिपवर आलं. सत्तरच्या दशकात गिटारवाल्यांच्या पायाखाली फ्लँजर आणि कोरस नावाच्या डब्या आल्या. आज तीच करामत संगणकावर एका क्लिकसरशी होते. पण ती डबी उघडून पाहिली तर आत रिळाचा काठ नाही आणि अंगठाही नाही. त्यांच्या जागी मुद्दाम घडवलेली, मोजूनमापून दिलेली एक चूक आहे. तंबोरा मिळवणारा तीच चूक पुसायला धडपडतो, आणि ती पुरती पुसली जात नाही म्हणूनच तंबोरा बोलतो.