दोन टक्के तेलाची कुळकथा

जयपूरच्या रस्त्यांवर चेतक स्कूटर धावायची, यातली गंमत राजस्थानबाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. चेतक हा महाराणा प्रतापांचा घोडा. 1576 साली हळदीघाटीत प्रतापांसमोर जी मुघल फौज उभी होती, तिचं नेतृत्व आमेरच्या मानसिंहाकडे होतं, आणि आमेरचं घराणं तेच पुढे जयपूरचं घराणं. ज्यांच्याशी लढताना तो घोडा कामी आला, त्यांच्याच राजधानीत चारशे वर्षांनी त्याच्या नावाच्या गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले. गाडी यायची पुण्याजवळच्या आकुर्डीतल्या बजाजच्या कारखान्यातून. नाव मेवाडचं, पत्रा आकुर्डीचा आणि इंजिनाचं कूळ थेट इटलीतलं.

नीट सांभाळलं तर एवढंसं इंजिन वीस-पंचवीस वर्षं काम देतं, ही खात्री आपल्याकडे एका पिढीला पक्की होती. ती त्या इंजिनाच्या मजबुतीतून आली, असं मला वाटत नाही. ती आली पेट्रोलात घालायच्या दोन टक्के तेलातून, आणि बरीचशी सरकारी परवान्यातून.

तेलाची गोष्ट इंग्लंडातल्या बाथ गावात सुरू होते. तिथल्या जोसेफ डे याने 1891 मध्ये टू-स्ट्रोक इंजिनाचा असा नमुना काढला, की ज्यात पिस्टनखालची क्रँकची पेटीच पंपाचं काम करते. पिस्टन वर गेला की हवा-पेट्रोल पेटीत ओढलं जातं, खाली आला की तेच वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, हलणारे भाग मोजकेच. स्वस्त आणि हलकं. पण एक पंचाईत होऊन बसली. जिथून पेट्रोल जातं तिथेच क्रँक फिरतो, म्हणजे तेलाचा साठा ठेवायला तळ उरला नाही. मग तेल पेट्रोलातूनच पाठवायचं. त्याचे तुषार जाता जाता बेअरिंगला, रॉडला, पिस्टनला ओलं करतात आणि शेवटी जळून जातात. तेल पुन्हा वापरात येत नाही. प्रत्येक फेऱ्याला नवं तेल, आणि प्रत्येक फेऱ्याला थोडी काजळी.

1946 मध्ये इटलीतल्या पोंतेदेरा इथे पियाज्जिओने हे इंजिन उचललं. विमानं बनवणारा हा कारखाना महायुद्धात उद्ध्वस्त झाला होता. कोराडिनो दास्कानिओ हा त्यांचा इंजिनियर हेलिकॉप्टरवाला, आणि त्याला मोटरसायकल मुळीच आवडत नसे. कपडे तेलकट होतात, साखळी उघडी, पंक्चर काढणं म्हणजे शिक्षा. त्याने 98 सीसीचं इंजिन मागच्या चाकाला लगटून बसवलं आणि वर पत्र्याचं झाकण घातलं. साहेबाची पँट वाचली, पण इंजिनाचा वारा बंद झाला. त्यावर तोड म्हणून फ्लायव्हीललाच पंख्याची पाती लावली आणि सिलिंडरभोवती वाऱ्याची वाट करून दिली. जयपूरसारख्या शहरात ही वाट फार महत्त्वाची. मे-जूनमध्ये आंधी येते, रेतीचा पडदा गावावरून सरकतो, आणि ती रेती सिलिंडरच्या पंखांमधल्या तेलकट थरावर चिकटून बसते. बाहेर चव्वेचाळीस अंश आणि वाऱ्याची वाट बुजलेली. अशी गाडी आमेरच्या चढावर अचानक आचके देऊन थांबली, तर दोष आकुर्डीचाही नसतो आणि पोंतेदेराचाही.

सुरुवातीच्या व्हेस्पाला पेट्रोलात पाच टक्क्यांच्या आसपास तेल लागे. धूर भरपूर, प्लग सारखा काळा. 1950 च्या दशकाच्या अखेरीस पियाज्जिओने पेट्रोल आत यायची वाट बदलली. क्रँकच्या फिरत्या चकतीनेच ती उघडावी आणि मिटावी अशी रचना केली. ताजं मिश्रण थेट क्रँकवर, म्हणजे बेअरिंगच्या तोंडावरच पडू लागलं, आणि तेल दोन टक्क्यांवर आलं. लिटरला वीस मिली, पाच लिटरला शंभर. बजाजला स्कूटर बनवायचा परवाना मिळाला तो 1959 मध्ये. त्याआधी 1948 पासून बजाजचीच बछराज ट्रेडिंग परदेशी गाड्या आणून विकत होतीच. त्यामुळे इथे रुळली ती 150 सीसीची व्हेस्पा दोन टक्क्यांच्या शाखेतली. 1971 मध्ये पियाज्जिओशी करार संपला, 1972 मध्ये तीच गाडी चेतक झाली. सिलिंडरचा व्यास 57 मिलिमीटर, पिस्टनची धावही 57. चौकोनी इंजिन म्हणतात त्याला.

पेट्रोल पंपावर तेव्हा एक छोटा विधी चाले. आधी तेल, मग पेट्रोल, हा क्रम. पंपावरचा पोऱ्या मापाने टू-टी तेल टाकीत सोडायचा. गाडीवाला वाकून बघायचा, माप पूर्ण भरलं होतं की अर्धं, हे त्याला कळलं पाहिजे. तेल पेट्रोलापेक्षा जड, तळाशी बसतं. म्हणून पैसे देऊन झाले की हँडल धरून गाडी डावी-उजवीकडे चांगली घुसळायची. नवी गाडी असेल तर पहिले काही महिने तेल मापापेक्षा थोडं जास्तच. किक मारण्याआधी गाडी आडवी करण्याची जी चाल होती, तिचा या घुसळण्याशी संबंध नाही, जरी दोन्ही एकाच माणसाने केलेल्या दिसत. गाडी कलली की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल जरा जास्त आत जातं आणि थंड इंजिन लवकर धरतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. सवय मात्र अशी लागली, की भर उन्हाळ्यात तापलेली गाडीही लोक आडवी करत आणि मग ओव्हरफ्लो झाली म्हणून दहा किका मारत.

तेल कमी पडलं तर पिस्टन सिलिंडरला धरतो. जास्त पडलं तर काजळी. या दोन्हींच्या मधे गाडी चालवणं म्हणजे तिची निगा. प्लग काढून बघितला की इंजिनाची प्रकृती कळे: विटकरी-तपकिरी असेल तर उत्तम, काळा ओला असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर सावध व्हा, इंजिन तापतंय. पॉलिश पेपरने घासून, फट बघून प्लग परत बसवणं हे काम घरोघरी बायका-पोरांनाही येत होतं.

काजळी काढायचं काम मेस्त्रीचं. जयपूरच्या परकोट्यातल्या, म्हणजे तटाच्या आतल्या, गल्ल्यांत काय किंवा साताऱ्याच्या पेठेत काय, दृश्य एकच. गाडी एका अंगावर, हेड उतरवलेलं, आणि मेस्त्री बोथट पट्टीने पिस्टनच्या माथ्यावरचा काळा थर खरवडतोय. पट्टी बोथटच हवी, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडता कामा नये. मग एक्झॉस्टचं भोक. तिथे थर इतका साचे, की बोटभर वाट करंगळीएवढी उरे आणि गाडी चढाला दम टाके. सायलेन्सर काढून विस्तवात धरला जाई, आतलं तेल पेटून गल्लीभर निळा धूर. काही हजार किलोमीटरनी हे करणारा गाडीवाला आणि गाडी ओढेनाशी होईपर्यंत न करणारा गाडीवाला, या दोघांच्या इंजिनांच्या आयुष्यात दुपटीचा फरक पडे, असं मेस्त्री सांगत. मला ते पटतं. काजळीचा कण सुटून रिंगच्या खाचेत अडकला की रिंग तिथेच जाम होते, आणि तिथून सिलिंडर झिजायला लागतो.

तरीही एक दिवस तो झिजायचाच. चांगल्या हातात तीस ते पन्नास हजार किलोमीटरच्या दरम्यान केव्हातरी ‘अर्धं इंजिन’ करावं लागे. अर्धं म्हणजे वरचं: सिलिंडर, पिस्टन, रिंगा. ‘फुल इंजिन’ म्हणजे खाली क्रँकपर्यंत. सिलिंडर बिडाचा, जाड. तो लेथवाल्याकडे न्यायचा, आतून किंचित मोठा करून घ्यायचा, तेवढाच मोठा पिस्टन बसवायचा. याला बोअर मारणं म्हणत. पहिला बोअर, दुसरा, तिसरा... बीड संपेपर्यंत. म्हणजे गाडीचं आयुष्य किती, या प्रश्नाला तेव्हा किलोमीटरमध्ये उत्तर नव्हतंच, उत्तर बोअरमध्ये होतं. आणि दर बोअरनंतर पुन्हा नव्या नवरीसारखं रनिंग-इन: चाळिशीच्या पुढे काटा नाही, मागे कोणी बसवायचं नाही.

जयपूरच्या नाहरगडाच्या उतारावर एक वेगळाच धोका असे. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलाबरोबरच मिळतं. उतारावर गाडी गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, तर इंजिन चाकांच्या जोरावर भरधाव फिरतं आणि तेल जवळजवळ बंद. खाली पोचेपर्यंत पिस्टन धरलेला. म्हणून जुने लोक उतारावरही मधूनमधून मूठ पिळून इंजिनाला घोट पाजत. नव्या माणसाला वाटे, हा उगाच पेट्रोल जाळतोय.

एवढा जीव लोक लावत, कारण दुसरी गाडी मिळणार नव्हती. 1960 मध्ये स्कूटरच्या विक्री-वितरणावर सरकारी नियंत्रण आलं. किती गाड्या बनवायच्या तेही दिल्लीहून ठरे. मागणी वाढत गेली, परवाना वाढेना. मुंबईची लॅम्ब्रेटा होती, 1970 च्या दशकात लखनऊची विजय आणि साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया आली, तरी बजाजचा नंबर दहा-दहा वर्षांनी लागत होता. जुनी गाडी नव्यापेक्षा महाग विकली जाई. अशा बाजारात बोअर मारणं हा शहाणपणाचा भाग नव्हे, नाइलाज होता. काटकसरीचं कौतुक करताना आपण हा नाइलाज सोयीस्कर विसरतो. परवाना खुला असता, तर निम्म्या लोकांनी पहिल्या बोअरला गाडी काढून टाकली असती.

दोन टक्क्यांचा शेवट कोर्टात सुरू झाला. जुलै 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीपुरतं सांगितलं, की पंपावर सुटं टू-टी तेल विकायचं नाही, तेल मापात मिसळूनच द्यायचं. कारण उघड होतं. पाच लिटरला शंभरऐवजी दोनशे मिली घातलं की इंजिनाला बरं, अशी कित्येकांची श्रद्धा, आणि शहरभर निळा धूर. पाठोपाठ 2000 चे उत्सर्जनाचे निकष आले: कार्बन मोनॉक्साइड किलोमीटरला दोन ग्रॅमच्या आत. साध्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकला ते पेलण्यासारखं नव्हतं. त्याआधी 1980 च्या दशकात आलेल्या कायनेटिक होंडाने तेलाची टाकी वेगळी करून मिसळण्याचं काम गाडीवर सोपवलं होतं. पंपावरचं घुसळणं तिथेच थांबलं. 2001 मध्ये होंडाची फोर-स्ट्रोक ॲक्टिवा आली आणि तेल इंजिनाच्या पोटात गेलं. पाऊण लिटरच्या आसपास, झाकणात बंद.

हे इंजिन जुन्यापेक्षा कितीतरी टिकाऊ. वेळेवर तेल बदललं तर सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर ते उघडावंही लागत नाही, लाखाच्या पुढे गेलेल्या गाड्याही पुष्कळ आहेत. आणि तरी आजच्या गॅरेजमध्ये वीस-पंचवीस हजारांवर इंजिन खोललेल्या ॲक्टिवा दिसतात. पंप रोज तेलाची आठवण देत नाही. डिपस्टिक नावाची पट्टी गाडीला असते, ती पुसून परत घालून तेल किती उरलंय ते बघायचं असतं, हे अनेकांना गाडी विकेपर्यंत ठाऊक नसतं. फोर-स्ट्रोक तेल थोडं थोडं पीतच असतं, त्यात जयपूरचा उन्हाळा, जोहरी बाजारातली थांबत-थांबत चाल. पाऊण लिटरातलं तीनशे मिली गेलं, तरी गाडी पहिल्यासारखीच चालते. बंद पडते ती एकदमच. रेतीच्या गावात एअर फिल्टरचंही तेच. पंपवाल्याला त्याचं देणंघेणं नाही, म्हणून मालकालाही नाही.

मालक बघत नसला, तरी इंजिनाची परीक्षा घेणारे आहेतच. जयपूरहून दिल्लीच्या वाटेवर कूकस इथे हिरो मोटोकॉर्पचं संशोधन केंद्र 2016 मध्ये सुरू झालं. तिथे चाचणीच्या रस्त्यांवर गाड्या मुद्दाम झिजवल्या जातात, म्हणजे रस्त्यावर त्या कमी झिजाव्यात.

बजाजची चेतकही परत आली, जानेवारी 2020 मध्ये, विजेवर. तिला ना प्लग, ना बोअर, ना तेल. बॅटरीची हमी कंपनीने सुरुवातीला दिली ती तीन वर्षं किंवा 50,000 किलोमीटर. आकडा जुन्या मेस्त्र्यांच्या ओळखीचा आहे, त्यांचं अर्धं इंजिन निघायचं ते याच सुमारास. फक्त ही बॅटरी लेथवर चढवता येत नाही, आणि तिच्या किमतीत जुनी चेतक सगळे बोअर मारून वर रंगही करून मिळाली असती.