घरांत मावणारी गर्जना



विजेच्या गिटारीसाठीं व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक घ्यावयास निघालेला मनुष्य दुकानांत शिरतांच बहुधा एकच प्रश्न विचारतो: 'किती वॅटचा?' ज्याला राहत्या घरांत, भिंतीपलीकडील शेजाऱ्याची झोंप न मोडतां, रॉक संगीतांतील ती सुप्रसिद्ध गर्जना काढावयाची आहे, त्याला या प्रश्नाचें उत्तर फारसें उपयोगी पडत नाहीं. त्यानें विचारावयाचें तें निराळेंच: या यंत्रांत आवाज कोणत्या पायरीवर फाटतो? हा प्रश्न कां महत्त्वाचा, हें या यंत्राच्या इतिहासावरून चांगलें उमगतें.

1906 सालीं ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकानें तीन अग्रांचा व्हॉल्व्ह तयार केला. त्याच्या मधल्या जाळीवर अत्यंत क्षीण विद्युत्स्पंदनें पोंचविलीं कीं तीं पलीकडील मोठ्या प्रवाहास आपल्या चालीनें चालवितात. वर्धन म्हणतात तें हेंच. जुन्या रेडिओच्या पोटांत मंद तांबूस तेजानें उजळणारे व्हॉल्व्ह ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना हें अपरिचित नाहीं. 1932 च्या सुमारास लॉस एंजेलिस येथें रिकनबॅकर यांच्या कारखान्यांतून विजेची गिटार बाजारांत आली. त्या काळच्या कारागिरांचा हेतु एवढाच होता कीं, ट्रम्पेट आणि ढोल यांच्या ताफ्यांत गिटार स्वच्छ ऐकूं यावी. परंतु व्हॉल्व्हला त्याच्या शक्तीपलीकडे राबविलें म्हणजे ध्वनिलहरींचे माथे चेपले जातात, मूळ स्वरांत नसलेले उपस्वर उत्पन्न होतात आणि आवाज फाटतो. यंत्रज्ञाच्या लेखीं हा दोष. वादकाच्या कानाला मात्र तो गोड लागला. तंबोऱ्याची जवारी लावल्यावर साध्या तारेच्या स्वराला जी भरीव झळाळी येते, तिची येथें आठवण होते. घडण्याची रीत निराळी, पण कानाची आवड तीच.

ही आवड कोणत्या थरास गेली पाहा. 1958 सालीं लिंक रे यानें 'रंबल' या धुनेसाठीं स्पीकरच्या कागदी पडद्याला पेन्सिलीनें भोकें पाडलीं. 1964 सालीं इंग्लंडांत 'किंक्स'च्या डेव्ह डेव्हीसनें आपल्या स्पीकरचा पडदा पात्यानें चिरला. त्याच्या थोडें आधीं लंडनच्या हॅनवेल भागांतील जिम मार्शल या वाद्यविक्रेत्याच्या दुकानांत, अमेरिकेंतील फेंडर कंपनीच्या 'बेसमन'ची रचना पुढें ठेवून, 'जे.टी.एम. 45' हा ध्वनिवर्धक तयार झाला होता. 1965 सालीं 'द हू'च्या पीट टाउनशेंडच्या मागणीवरून मार्शलनें 100 वॅटचें यंत्र बनविलें. या यंत्रांत आवाज मुख्यत्वें फाटे तो शेवटच्या पायरीवर, म्हणजे स्पीकरला शक्ति पुरविणाऱ्या मोठ्या व्हॉल्व्हांत. अर्थात् गर्जना हवी तर यंत्र पूर्ण उघडावयाचें आणि सभागृह दणाणून सोडावयाचें!

आतां थोडें गणित करूं. 100 चे 50 वॅट केले तर आवाज अवघा 3 डेसिबलनें उतरतो. कानाला तो निम्मा वाटावा यासाठीं वॅट सुमारें दहापटीनें घटवावे लागतात; म्हणजे 100 वरून 1 वॅटवर आलें तरी चतुर्थांश आवाज उरतोच. गिटारीचे कित्येक स्पीकर 1 वॅटवर, 1 मीटर अंतरावर, 97 डेसिबलच्या आसपास आवाज देतात. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेची शिफारस अशी कीं, 85 डेसिबलचा आवाज दिवसांत 8 तासांहून अधिक ऐकूं नये, आणि पुढें दर 3 डेसिबलला हा वेळ निम्मा करावा. या हिशेबानें 97 डेसिबलला अर्धाच तास येतो. तेव्हां 'घरासाठीं 5 वॅटचा घ्या, म्हणजे झालें' या सल्ल्यानें शेजाऱ्याच्या झोंपेचें रक्षण होत नाहीं, आणि वादकाच्या कानांचेंहि होत नाहीं.

खरी वाट सांपडली ती कॅलिफोर्नियांत. रँडल स्मिथ हा कारागीर 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस फेंडरच्या 'प्रिन्स्टन' या लहान पेटींत मोठ्या यंत्राची रचना बसवीत असे. कार्लोस सांताना यानें तींतील एक वाजवून तिची वाखाणणी केली आणि तिचें 'बूगी' हें नांव पडलें. पुढें थोडक्याच वर्षांत स्मिथनें आरंभींच्या लहान व्हॉल्व्हांची एक पायरी वाढविली व प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र नियंत्रण ठेवलें. त्यामुळें आवाज आरंभींच फाटूं लागला, आणि शेवटीं तो किती मोठा सोडावयाचा हें वेगळ्या खुंटीनें ठरूं लागलें. रंग टाकींतच मिसळावा आणि तोटीनें हवें तेवढेंच रंगीत पाणी सोडावें, तसा हा प्रकार. 1975 सालीं मार्शलनेंहि अशी 'मास्टर व्हॉल्यूम'ची खुंटी दिली, व तीच रचना 1981 पासून 'जे.सी.एम. 800' या नांवानें प्रसिद्धीस आली. आज ज्यांना 'हाय गेन' म्हणतात तीं यंत्रें याच वंशांतलीं होत.

दुसरा उपाय म्हणजे ध्वनिवर्धक आणि स्पीकर यांच्या मधें शक्ति उष्णतेंत घालविणारें उपकरण बसविणें. 'बॉस्टन' या वाद्यवृंदाच्या टॉम शोल्झनें 1980 च्या सुमारास 'पॉवर सोक' या नांवानें असें उपकरण काढलें. मात्र त्यांत शेवटचे व्हॉल्व्ह पूर्ण राबतात, म्हणून लवकर झिजतात. उपकरणाचा रोध यंत्राशीं जुळला पाहिजे, आणि स्पीकर किंवा असा भार जोडल्यावांचून व्हॉल्व्हचें यंत्र कधींहि वाजवूं नये. त्याचा ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीति असते.

आणखी एक अडचण कानाचीच आहे. आवाज लहान झाला कीं खर्जाचे स्वर कानाला विशेष कमी ऐकूं येतात, हें फ्लेचर व मन्सन यांनीं 1933 सालीं मोजून दाखविलें. म्हणून मोठ्यानें भरदार वाटलेलें यंत्र घरीं पातळ वाटतें, आणि घेणारा व्यर्थ यंत्रास बोल लावतो.

यावरून निवड करणाऱ्यानें इतकें पाहावें. गर्जना आरंभींच्या व्हॉल्व्हांतून येत असावी. मास्टरची खुंटी अगदीं तळाशीं देखील हळूहळू चढावी. एकदम उसळूं नये. वॅट कमी करण्याची कळ असल्यास उत्तम, पण ती दुय्यम समजावी. 2012 सालीं मार्शलनें सुवर्णमहोत्सवानिमित्त 1 वॅटचीं यंत्रें काढलीं, त्यांनाहि वरील गणित लागू आहेच. आणि दुकानांत परीक्षा घेतांना आपलीच गिटार न्यावी, आवाज घरीं ठेवावयाचा तेवढाच ठेवावा, व खर्जाची खुंटी त्याच आवाजावर जुळवावी. वाजवीत असतां शेजारीं उभ्या असलेल्या माणसाचें बोलणें स्पष्ट ऐकूं येत असेल आणि तरीहि ती गर्जना मनाजोगी वाटत असेल, तर तें यंत्र खुशाल घरीं आणावें.