गंबोरो : पिल्लाची ढाल पळवणारा आजार

उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथला किंवा बदलापुरात रविवारी सकाळी चिकनच्या दुकानापुढे रांग लागते. जाळीतली ती कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते. या सहा आठवड्यांत तिला ज्या आजारांतून वाचवावं लागतं, त्यातल्या एकाचा इतिहास आज ऐकूया. बदलापूर-मुरबाडकडच्या शेडवाल्याला विचारा, तो लगेच नाव सांगेल: गंबोरो.

हे नाव एका गावाचं आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात गंबोरो नावाचं छोटं गाव आहे. 1957 च्या सुमारास तिथल्या पिल्लांमध्ये एक नवीनच आजार दिसला. पांढरी पातळ हगवण, थरथर, मान टाकून बसणं आणि चार-पाच दिवसांत मर. 1962 साली कॉसग्रोव्ह यांनी तो शास्त्रीय नियतकालिकात मांडला. किडनी सुजलेली दिसायची, म्हणून त्यांनी त्याला किडनीचा आजार म्हटलं. खरं दुखणं मात्र शेपटीखालच्या एका छोट्या पिशवीत होतं. तिचं नाव बर्सा.

आता या बर्साची गोष्ट बघा. सोळाव्या-सतराव्या शतकात इटलीतल्या पादुआ विद्यापीठात फॅब्रिशियस नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. कोंबडीतल्या या पिशवीचं वर्णन त्यांनी केलं आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर 1621 साली छापलं गेलं. पण ही पिशवी करते काय, हे पुढची तीनशेहून जास्त वर्षं कुणालाच नीट कळलं नाही.

ते कळलं योगायोगानं. अमेरिकेत ओहायोमध्ये ब्रूस ग्लिक या विद्यार्थ्यानं प्रयोगासाठी काही पिल्लांची बर्सा काढून टाकली होती. चँग नावाच्या त्याच्या सहकाऱ्याला वर्गात प्रात्यक्षिक दाखवायचं होतं, की जंतू टोचले की कोंबडीच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात. त्यानं ग्लिकच्या कोंबड्या मागून घेतल्या. बर्सा काढलेल्या कोंबड्यांत अँटिबॉडी झाल्याच नाहीत! एका नामांकित नियतकालिकानं हा शोधनिबंध परत पाठवला. शेवटी 1956 साली तो कोंबडीपालनाच्या नियतकालिकात छापून आला. अँटिबॉडी बनवणाऱ्या ज्या ‘बी-सेल’ आपण कोरोनाच्या काळात ऐकल्या, त्यातला ‘बी’ या बर्सावरून आला आहे.

म्हणजे बर्साचं काम कळलं 1956 ला आणि ती बर्साच पोखरणारा आजार दिसला 1957 ला. तरी या दोन गोष्टी जोडायला वेळ गेला. 1970 साली आजाराला बर्साच्या नावानं नवीन शास्त्रीय नाव सुचवलं गेलं. पुढे 1972 साली इंग्लंडच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की लहान वयात हा आजार झालेल्या पिल्लाला दुसऱ्या लसीही धड लागू पडत नाहीत. खरा तोटा इथे आहे. मेलेली पिल्लं मोजता येतात, पण वाचलेलं पिल्लू वरून धडधाकट दिसतं आणि आतून उघडं पडलेलं असतं. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस दिली तरी ती हवी तशी धरत नाही. शेडवाला म्हणतो, ‘लस तर दिली होती की!’

भारतात गंबोरोची पहिली नोंद 1971 ची, उत्तर प्रदेशातली. त्याच वर्षी डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वर हॅचरीज सुरू केली, जी पुढे पुण्यात स्थिरावली. म्हणजे आपल्याकडचा मोठा कोंबडी उद्योग आणि हा आजार साधारण बरोबरच वाढले. 1986-87 च्या सुमारास युरोपात या विषाणूचा फार जहाल अवतार आला आणि नव्वदीच्या दशकात तो भारतातल्या शेडमध्येही शिरला. जुन्या सौम्य लसी त्याच्यापुढे कमी पडल्या, मग जास्त जोरकस लसी आणाव्या लागल्या.

लस देणं मात्र वेळेचं गणित आहे. पिल्लाला आईकडून काही अँटिबॉडी मिळालेल्या असतात. त्या जास्त असताना लस दिली, तर त्या लसीलाच मारतात. त्या संपेपर्यंत थांबलो, तर विषाणू आधी पोचतो. म्हणून सहसा दुसऱ्या आठवड्याच्या शेवटाला पाण्यातून लस देतात. इथे आपल्या भागाची एक अडचण येते. नळाचं पाणी क्लोरीनचं असतं आणि क्लोरीन लसीतला जिवंत विषाणू मारून टाकतं. म्हणून पाण्यात आधी दुधाची पावडर घालतात. ही पावडर विसरली, की लस वाया गेली.

आणि विषाणू किती चिवट? अमेरिकेतल्या 1967 च्या अभ्यासात आजारी कोंबड्या हलवल्यानंतर 122 दिवसांनीही ती जागा नव्या पिल्लांना लागण करत होती. म्हणून खाली पसरलेलं भाताचं तूस बदलणं, शेड धुणं, दोन बॅचमध्ये मोकळे दिवस ठेवणं आणि दुकानावरून परत आलेल्या जाळ्या धुणं ही कामं टाळता येत नाहीत. करारावर कोंबड्या वाढवणाऱ्याला पैसे मिळतात ते जगलेल्या कोंबड्यांच्या वजनावर. शेड त्याची, वीज त्याची, मेहनतही त्याची. मर झाली की पहिला फटका त्यालाच.

खाणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही, हा विषाणू माणसाला होत नाही. पण माणसाच्या अँटिबॉडी कुठून येतात, हे समजायची सुरुवात कोंबडीच्या या पिशवीपासून झाली, एवढं ध्यानात असू द्या. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.