अलकनंदेचे डोंगर आणि बदरीवन

आपल्या महाजन घराण्यांतील ज्या मंडळींनी बदरीनारायणाची यात्रा केली असेल, त्यांना ऋषिकेशपासून पुढे नदीच्या काठाकाठाने चढत जाणारा मार्ग स्मरत असेल. एका वळणावर डोंगर देवदार आणि बांज यांनी गच्च झाकलेला दिसतो, तर पुढच्याच वळणावर तो माथ्यापासून पायथ्यापर्यंत उघडा आणि जागोजागी दरडींनी ओरखडलेला. हे उघडे डोंगर पुन्हा झाडांनी आच्छादावे म्हणून तेथील ग्रामस्थांनी जे परिश्रम केले, त्यांस आता पन्नास वर्षांचा काळ लोटला आहे. देवस्थानांशी संबंध असलेल्या आपल्यासारख्यांना हा वृत्तांत ठाऊक असावा, म्हणून तो येथे देत आहे.

या वृत्तांताचा आरंभ एका महापुराने होतो. 20 जुलै 1970 रोजी अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यात प्रचंड वृष्टी झाली. यात्रामार्गावरील बेलाकुची ही वस्ती वाहून गेली, रस्ते व पूल तुटले, आणि वरून आलेल्या गाळाने पार खाली हरिद्वारनजीक गंगेचा कालवा तुंबला. 1893 मध्ये दरड कोसळून निर्माण झालेला गोहना तलावही याच पुरात नाहीसा झाला. मदतकार्यासाठी गावोगाव हिंडलेल्या कार्यकर्त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली, ती ही की ज्या उतारांवरील जंगल ठेकेदारांनी तोडले होते, तेथेच दरडींचा कहर अधिक झाला होता.

हे कार्यकर्ते गोपेश्वर येथील दशोली ग्राम स्वराज्य संघाचे होते. संघाची स्थापना 1964 मध्ये करणारे चंडीप्रसाद भट्ट हे रुद्रनाथाच्या पुजाऱ्यांच्या घराण्यात 1934 मध्ये जन्मले. मोटार कंपनीत नोकरी करीत असता 1956 मध्ये त्यांनी जयप्रकाश नारायण यांचे भाषण ऐकले आणि त्यांच्या आयुष्यास सर्वोदयाचे वळण लागले. 1973 मध्ये संघाने शेतीची अवजारे करण्यासाठी अंगूची थोडी झाडे मागितली असता सरकारने ती नाकारली, आणि तीच झाडे अलाहाबादच्या एका क्रीडासाहित्याच्या कंपनीला देऊ केली! त्यावरून मंडल गावी जो प्रतिकार झाला आणि 26 मार्च 1974 रोजी रेणी गावात गौरादेवींच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी जो केला, त्याची कीर्ती 'चिपको' या नावाने जगभर पसरली. तो भाग सर्वश्रुत असल्याने येथे विस्तार करीत नाही.

त्या मानाने पुढचे कार्य फारसे कोणास माहीत नाही, आणि माझ्या मते तेच अधिक कठीण होते. तोडणारा समोर उभा असता झाडास मिठी मारणे हे एका दिवसाचे धैर्य झाले. लावलेले रोप चार-पाच वर्षे गुराढोरांपासून, वणव्यापासून व हिमापासून राखणे यासाठी निराळ्याच चिकाटीची गरज असते. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून संघाने, जो पुढे मंडळ या नावाने ओळखला जाऊ लागला, गावोगावी वृक्षारोपणाची शिबिरे भरविण्यास प्रारंभ केला. विद्यार्थी, कार्यकर्ते आणि ग्रामस्थ एकत्र राहत. दिवसा श्रमदान व रात्री चर्चा असा क्रम असे. प्रथम उजाड जमिनीभोवती चुन्यामातीवाचून दगडी गडगा रचावयाचा, आपल्याकडे कुळागराला घालतात तसाच. मग घळींतून बांध घालून वाहती माती अडवावयाची, आणि त्यानंतरच खड्डे खणावयाचे. रोपे दूरच्या सरकारी रोपवाटिकेतून आणण्याऐवजी गावातच वाढविण्यावर भर असे. त्यामुळे ती त्या उंचीच्या हवेला सरावलेली असत, आणि ज्यांनी त्यांना पाणी घातले त्यांचा जीवही त्यांत गुंतलेला असे.

कोणती झाडे लावावी, हा प्रश्न दिसतो तितका साधा नव्हता. वनखात्याचा ओढा दीर्घकाळ चीडकडे होता, कारण तिच्यापासून राळ व इमारती लाकूड मिळते. परंतु तिच्या वाळल्या सुया पेट घेतात आणि तिच्याखाली गवत खुरटते. बांजचे तसे नाही. त्याच्या पाल्याचे खत होते, जनावरांस चारा मिळतो, आणि त्याच्या कुजलेल्या पानांच्या थरातून पाणी मुरून खालचे झरे जिवंत राहतात. चारा, सरपण आणि पाणी या तिन्ही गोष्टी डोक्यावरून वाहून आणणाऱ्या स्त्रियांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणून बांज, अखरोट, पांगर, भीमल अशा देशी झाडांचा आग्रह त्यांनीच धरला. 1980 मध्ये डुंगरी-पैंतोली येथे गावातील पुरुषांनी रस्ता, शाळा आणि दवाखाना मिळेल या आशेने बांजचे रान बटाट्याच्या शेतीसाठी सरकारला देऊ केले, तेव्हा त्यांच्याच घरच्या स्त्रियांनी त्यास विरोध करून ते रान वाचविले. त्या घरांतून त्या दिवसांत काय संवाद झाले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी त्या दशकाच्या आरंभी या डोंगरांतून हिंडून हे कार्य अभ्यासिले. ग्रामस्थांनी लावलेली रोपे जगण्याचे प्रमाण सरकारी लागवडीहून पुष्कळच अधिक असल्याचे अशा पाहणीत आढळून आले. 1982 मध्ये चंडीप्रसादांना मॅगसेसे पुरस्कार लाभला.

अर्थात झाडे म्हणजे सर्व संकटांवरचा उतारा असे मानणे भाबडेपणाचे होईल. 7 फेब्रुवारी 2021 रोजी रेणीच्या वरच्या पर्वतावरून खडक व बर्फ यांचा प्रचंड कडा कोसळला, ऋषिगंगेवरील विद्युत्प्रकल्प वाहून गेला आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली वा बेपत्ता झाली. तो कडा सुटला वृक्षरेषेच्या किती तरी वर, आणि एवढा लोंढा अडविण्याचे बळ कोणत्याही रानात नसते. बांजची मुळे माती धरतात, पर्वत धरीत नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये, खालची जमीन खचू लागल्याने, गौरादेवींचा पुतळाही रेणीतून हलवावा लागला.

आता प्रत्यक्ष बदरीनाथाविषयी. बदरी म्हणजे बोर. तपश्चर्येस बसलेल्या विष्णूवर छाया धरण्यासाठी लक्ष्मीने बदरीवृक्षाचे रूप घेतले, अशी कथा आहे. परंतु ज्या देवाने झाडाचे नाव धारण केले, त्याच्या मंदिराभोवतीचे उतार विसाव्या शतकात जवळजवळ वृक्षहीन झाले होते. सप्टेंबर 1993 मध्ये गोविंदवल्लभ पंत हिमालय पर्यावरण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मंदिराच्या रावळांस विनंती केली. आद्य शंकराचार्यांच्या परंपरेने केरळातून येणाऱ्या या मुख्य पुजाऱ्यांनी सुमारे 20,000 रोपांना आशीर्वाद दिला, प्राचीन बदरीवन पुन्हा उभे करण्याचे आवाहन केले, आणि यात्रेकरू व स्थानिक लोक यांच्या हातून ती रोपे लागली. प्रसाद म्हणून हाती आलेले रोप कोण टाकून देईल? आपल्या सत्तरी तालुक्यातील केरी गावच्या आजोबाच्या रायीचेही रक्षण अशाच भावनेने होत आले आहे. भेद इतकाच की रायीत मुळातले रान राखावयाचे असते, तर बदरीक्षेत्रात ते नव्याने उभारावयाचे होते.

आणि तेथील अडचण विलक्षण आहे. मंदिर समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून उंच. कार्तिकाच्या सुमारास कपाटे बंद होतात, देवाची पूजा खाली जोशीमठाकडे जाते, बामणी व माणा या गावांतील कुटुंबेही उतरतात, आणि सहा महिने रोपांपाशी माणूस नसतो. त्या काळात हिमाच्या भाराने कोवळे खोड मोडते, वारा साल सुकवितो. म्हणून भूर्जासारखी त्या उंचीवरचीच झाडे निवडावी लागतात, त्यांना आडोसा द्यावा लागतो, आणि वैशाखात कपाटे उघडल्यावर मेलेल्या रोपांच्या जागी पुन्हा नवी लावावी लागतात.