प्रायोगिक उंदरांतील अर्बुदवाढीचे मापन : एक ऐतिहासिक आढावा

कर्करोगाच्या प्रायोगिक संशोधनात अर्बुद, म्हणजे गाठ, किती वेगाने वाढते हा मूलभूत प्रश्न आहे. तो सोडविण्याची साधने कशी बदलत गेली, याचा महाराष्ट्राच्या संदर्भात येथे विचार केला आहे.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने १९५२ साली मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले. त्यापूर्वीच त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉ. कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली होती. उंदरांतील स्तनाच्या कर्करोगास कारणीभूत घटक मातेच्या दुधातून पिलांकडे जातो, हे अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखविले होते. आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा संबंध शोधणारे रणदिवे यांचे कार्य याच परंपरेतील होय.

त्वचेखालील गाठ कॅलिपरने मोजता येते. लांबीस रुंदीच्या वर्गाने गुणून दोनाने भागले असता अंदाजे घनफळ मिळते. शरीरांतर्गत गाठीसाठी मात्र विच्छेदन करावे लागे. वाढीच्या प्रत्येक टप्प्यासाठी निराळे प्राणी मारावे लागत आणि एकाच प्राण्याचा अखंड आलेख मिळत नसे.

रसेल व बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांना पर्याय शोधणे, त्यांची संख्या घटविणे व यातना कमी करणे ही त्रिसूत्री मांडली. भारतात प्राणिप्रयोगांवरील नियंत्रणाचे नियम १९९८ मध्ये झाले. प्रतिमाचित्रणाने या तत्त्वांस व्यवहार्य साधन दिले. १९९० च्या दशकात लहान प्राण्यांसाठी पेट यंत्रे विकसित झाली. काजव्यातील प्रकाशजनक विकराचे जनुक अर्बुदपेशींत घालून जिवंत उंदरातील गाठ कॅमेऱ्याने टिपता येऊ लागली. खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेत अशी सुविधा आहे.

तथापि ही यंत्रे महाग असल्याने मोठ्या संस्थांपुरतीच राहतात. प्रतिदीप्त प्रथिनयुक्त पेशींसाठी अंधारी पेटी, निळा प्रकाश, गाळणी व डिजिटल कॅमेरा एवढ्यावरही काम भागू शकते. ऊतींत प्रकाश विखुरत असल्याने खोलवरच्या गाठी त्यात नीट दिसत नाहीत; परंतु त्वचेखालील गाठ हाताला लागण्यापूर्वीच दिसू शकते व तोच प्राणी पुनःपुन्हा तपासता येतो.

सारांश, स्वस्त व आटोपशीर साधनांचा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. हातकणंगल्यासारख्या तालुक्यातील महाविद्यालयांना, नियमानुसार नोंदणी व नैतिक समितीची मान्यता घेऊन, या संशोधनात सहभागी होता येईल का आणि किती प्राण्यांचे जीव वाचतील, हे त्यावर अवलंबून आहे.